मोटार मासिके आता कशासाठी वाचायची?

डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेतल्या मोटर ट्रेंड समूहाने आपल्या 22 छापील मासिकांपैकी 19 मासिके एकाच घोषणेत बंद केली. ‘मोटर ट्रेंड’, ‘हॉट रॉड’ आणि ‘फोर व्हीलर’ एवढी तीन उरली. बंद पडलेल्यांत डेव्हिड ई. डेव्हिस यांनी 1986 साली काढलेले ‘ऑटोमोबाइल’ही होते. पाच वर्षांनी, डिसेंबर 2024 मध्ये, हा उरलासुरला समूह हर्स्ट कंपनीने विकत घेतला. ‘कार अँड ड्रायव्हर’ आणि ‘रोड अँड ट्रॅक’ ही मासिके आधीपासून हर्स्टचीच. म्हणजे ज्या तीन नावांनी स्टॉलवरच्या जागेसाठी अनेक दशके एकमेकांशी झुंज दिली, त्यांचे पगार आता एकाच खजिन्यातून निघतात. अशा बातम्या आल्या की कागद टिकणार की जाणार यावर चर्चा झडते. पण ती चिंता मुख्यतः प्रकाशकांची. नवी गाडी बाजारात आल्याच्या संध्याकाळी वाचकाच्या मोबाइलवर तिच्या पंधरा-वीस चित्रफिती फुकट येऊन पडतात. त्याच्यापुढचा प्रश्न असा की, यातले काय वाचण्या-पाहण्याच्या लायकीचे आहे आणि कशासाठी वर्गणी भरावी? या प्रश्नावर आजवर मांडल्या गेलेल्या भूमिका, त्यांच्यामागचे पुरावे आणि त्यातल्या मोकळ्या राहिलेल्या जागा यांचा हा आढावा.

मागची वाट

इंग्लंडमध्ये ‘द ऑटोकार’ नोव्हेंबर 1895 मध्ये निघाले, तेव्हा त्या देशात मोटारी बोटावर मोजण्याइतक्याच होत्या आणि रस्त्यावरची वेगमर्यादा होती ताशी 4 मैल. साहजिकच सुरुवातीच्या मोटार नियतकालिकांचे निम्मे काम वकिलीचे होते: मोटार हे यंत्र उपद्रवी नाही हे लोकांना पटवायचे आणि कायदा बदलून घ्यायचा. गाडी ताब्यात घेऊन, ठरलेल्या पद्धतीने चालवून, आकड्यांसह तिचा निकाल छापायचा ही रीत याच साप्ताहिकाने 1928 साली पाडली. ज्याला आपण आज ‘रोड टेस्ट’ म्हणतो ती हीच. दुसऱ्या महायुद्धानंतर मासिकांचे पीक आले. अमेरिकेत 1947 ते 1949 या तीन वर्षांत ‘रोड अँड ट्रॅक’, ‘हॉट रॉड’ आणि ‘मोटर ट्रेंड’ निघाली. 1955 चे ‘स्पोर्ट्स कार्स इलस्ट्रेटेड’ 1961 मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ झाले. इटलीत 1956 मध्ये ‘क्वात्रोरुओते’ आणि जपानमध्ये 1962 मध्ये ‘कार ग्राफिक’ आले. इंग्लंडमध्ये 1962 साली छोट्या गाड्यांसाठी निघालेले मासिक तीन वर्षांत ‘कार’ या सुटसुटीत नावाने ओळखले जाऊ लागले आणि मोटारीवरचे लेखन साहित्याच्या अंगाने जाऊ शकते हे त्याने दाखवून दिले.

भारतात हा प्रवास उशिरा सुरू झाला, आणि त्याचे कारण सरळ आहे. बाजारात अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनी एवढेच उजवे-डावे असताना तुलना कशाची करायची? गाडी नंबर लागून मिळायची, निवडून नव्हे. शौकिनांची भूक भागायची ती मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर विकायला बसलेल्या जुन्या परदेशी अंकांवर. प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरचे परवान्याचे बंधन 1993 मध्ये गेले आणि पुढच्या पाचेक वर्षांत चित्र पालटले. एकट्या 1998 मध्ये होंडा सिटी, सँट्रो, मॅटिझ आणि पुण्यात घडलेली इंडिका या गाड्या आल्या. ‘ओव्हरड्राइव्ह’ 1998 चे आणि होरमझ्द सोराबजी यांच्या संपादनाखालचे ‘ऑटोकार इंडिया’ 1999 चे, हा योगायोग नाही. तीन-चार लाखांच्या घरात अनेक पर्याय प्रथमच समोर उभे राहिले होते आणि कुणीतरी ते शेजारी-शेजारी उभे करून चालवायला हवे होते. 2013 मध्ये पुण्यातून ‘इव्हो इंडिया’ सुरू झाले, ते मात्र घर चालवणाऱ्यापेक्षा गाडी चालवणाऱ्याकडे तोंड करून.

तीन भूमिका

पहिली भूमिका म्हणते की मासिकाचे काम संपले. तिची बाजू कमकुवत नाही. महिन्यातून एकदा येणारा अंक बातमीत कधीच पुढे राहू शकत नाही. इंजिनाचा आवाज कागदावर ऐकू येत नाही, मागच्या सीटवर गुडघ्यांना किती जागा उरते ते चित्रफितीत दहा सेकंदांत दिसते. शिवाय एका संपादकाच्या मताऐवजी आता शेकडो मालकांचा अनुभव हाताशी आहे. ‘टीम-बीएचपी’सारख्या ठिकाणी 2004 पासून मालक आपल्या गाडीचा हजारो किलोमीटरचा हिशेब सर्व्हिसच्या बिलांसकट मांडत आले आहेत. एक आठवडा गाडी वापरून परत करणाऱ्या पत्रकाराला ते कसे साधणार?

दुसरी भूमिका व्यावसायिक परीक्षकांची. मालकाने आयुष्यात चार-पाच गाड्या वापरलेल्या असतात, परीक्षकाने वर्षाला कित्येक डझन. पदरचे पंधरा लाख मोजलेला माणूस स्वतःच्या निर्णयाची पाठराखण करतो, नाहीतर फसवणूक झाल्याच्या भावनेने वाजवीपेक्षा जास्त चिडतो. आणि मासिकात मजकूर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो, त्यात निदान ढोबळ चुका गळतात. तिसरी भूमिका अलीकडची: मासिकाने चाचण्या-बातम्या इंटरनेटवर सोडून द्याव्यात आणि स्वतः संग्राह्य पुस्तक व्हावे. इंग्लंडमधले ‘द रोड रॅट’ किंवा केवळ पोर्शे गाड्यांना वाहिलेले पीट स्टाउट यांचे ‘000’ ही त्याची उदाहरणे. जाड कागद, देखणी छायाचित्रे, दीर्घ लेख आणि किंमतही तशीच. ‘रोड अँड ट्रॅक’नेही 2020 मध्ये हाच रस्ता धरला.

या तिन्ही भूमिका बारकाईने पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. कुणी कागदाच्या बाजूने आहे, कुणी विरुद्ध, पण सगळ्यांनी मोजपट्टी कागदाचीच घेतली आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. ‘इव्हो’ 1998 मध्ये सुरू करणारे हॅरी मेटकाफ आज यूट्यूबवर ‘हॅरीज गॅराज’ चालवतात आणि तिथेही गाडी दूरवर नेऊन, खर्चाचा हिशेब देत, सावकाश बोलतात. उलट, कंपनीने पाठवलेले प्रसिद्धिपत्रक शब्द मागेपुढे करून छापणारी छापील मासिकेही काही कमी नाहीत. तेव्हा विभागणी कागद आणि पडदा अशी करण्यात हशील नाही. ज्या कामाला वेळ, पैसा आणि सातत्य लागते ते काम कुणी करतो का, हे पाहायला हवे. गाडी मोजणे, दुसरीशी ताडून पाहणे आणि काही महिन्यांनी पुन्हा तिच्याकडे वळणे ही ती तीन कामे. हे करणारे नियतकालिक वाचण्याजोगे, ते कुठल्या रूपात येते हे दुय्यम, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यावरचे आक्षेप पुढे येतीलच.

मोजण्याचे मोल

मोजणे म्हणजे काय, हे एका चौकटीवरून कळते. भारतीय मासिकांच्या रोड टेस्टमध्ये 0 ते 100 च्या वेळेशेजारी आणखी दोन आकडे येतात: तिसऱ्या गिअरमध्ये 20 ते 80 आणि चौथ्यात 40 ते 100. शोरूममधला विक्रेता हे आकडे सांगत नाही, माहितीपत्रकात ते नसतात आणि बहुतेक चित्रफितींतही नसतात. पण कोकणात उतरताना दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकलेल्या माणसाला याच आकड्यांशी काम असते. दोन गाड्यांची अश्वशक्ती सारखी असू शकते, 0 ते 100 ची वेळही जवळपास तीच. तरी एकीचे टर्बो 2,000 फेऱ्यांच्या खाली झोपलेले असेल तर चढावर ती दोन गिअर खाली टाकल्याशिवाय ओव्हरटेक करणार नाही. ‘पिकअप कमी आहे’ असे आपण ज्याला मोघमपणे म्हणतो, ते या दोन ओळींत सेकंदांत मांडलेले असते. ॲव्हरेजचेही तसेच. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा प्रमाणित आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा असतो, तो गाड्यागाड्यांच्या तुलनेपुरता ठीक. टाकी काठोकाठ भरून, ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या टायर-दाबाने चालवून, पुन्हा काठोकाठ भरून काढलेला आकडा खिशाला कळतो. मात्र हा आकडा एकट्याने निरुपयोगी आहे. त्याच रस्त्यावर, त्याच पद्धतीने मागच्या दहा वर्षांत तपासलेल्या गाड्यांचे आकडे शेजारी असतील तरच त्याला अर्थ येतो. हौशी समीक्षकाला उपकरण विकत घेता येईल, पण दहा वर्षांची वही आणायची कुठून?

शिस्तबद्ध चाचणी काय उलथवू शकते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण स्वीडनचे. 21 ऑक्टोबर 1997 रोजी ‘तेक्निकेन्स व्हर्ल्ड’ या मासिकाच्या परीक्षकांनी नवी मर्सिडीज ए-क्लास त्यांच्या नेहमीच्या चाचणीत घातली. रस्त्यात अचानक एल्क हरीण आले तर गाडी झटकन बाजूला घेऊन पुन्हा लेनमध्ये आणायची, अशी ही चाचणी. ए-क्लास उलटली. कंपनीने आधी चाचणीवरच शंका घेतली, मग गाडीची विक्री काही आठवडे थांबवली, सस्पेन्शन बदलले आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रण प्रत्येक गाडीत देऊ केले. त्या काळी ही यंत्रणा महागड्या गाड्यांपुरती होती. छोट्या गाड्यांत ती पसरायला या घटनेने मोठा हातभार लावला. ध्यानात घेण्यासारखे हे की, ती चाचणी ए-क्लाससाठी मुद्दाम रचलेली नव्हती. मासिक सगळ्याच गाड्यांना त्याच शंकूंमधून नेत असे, म्हणून तर तिचा निकाल कुणाला झटकून टाकता आला नाही.

चाचणीची पद्धत वादात सापडली की काय होते हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने 1988 मध्ये सुझुकी सामुराई वळणावर सहज कलंडते, म्हणून ती अस्वीकारार्ह ठरवली. सामुराई म्हणजे आपल्या मारुती जिप्सीचीच बहीण. चाचणीत फेरफार केल्याचा आरोप करत सुझुकीने 1996 मध्ये दावा लावला. 2004 मध्ये तडजोड झाली. पैसे कुणी कुणाला दिले नाहीत, मात्र ‘सहज’ या शब्दाचा गैरअर्थ निघू शकतो असे नियतकालिकाने स्पष्ट केले. दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम राहिले; गाडी मात्र अमेरिकन बाजारातून त्याआधीच गेली होती. मोजमापही कुणीतरी माणूसच करतो. म्हणून पद्धत उघड छापलेली हवी, म्हणजे तिच्यावर भांडता तरी येते.

पैसा कुणाचा

मासिकांवरचा सर्वांत जुना आक्षेप हाच: जाहिरात ज्याची, त्याचेच गुणगान. आक्षेप खरा आहे, पण तो जितका सरळ वाटतो तितका नाही. दबाव उघड दिसतो अशी उदाहरणे आहेत. टीकालेखनासाठी 2004 चे पुलित्झर मिळवलेले डॅन नील यांनी 2005 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये पाँटिअ‍ॅक जी6 वर लिहिताना जनरल मोटर्सच्या नेतृत्वावर तोफ डागली, तेव्हा कंपनीने त्या दैनिकाच्या जाहिराती काही महिने बंद केल्या. मोठे दैनिक हा फटका सोसू शकते. मोटारींच्याच जाहिरातींवर जगणाऱ्या मासिकाला तो सोसेलच असे नाही. पण अशा कारवाईपेक्षा रोजचा मिंधेपणा अधिक परिणाम करतो, आणि तो दिसत नाही. कंपनी पत्रकारांना विमानाने एखाद्या देखण्या गावी नेते, हॉटेलात उतरवते, स्वतः निवडलेल्या रस्त्यावर काही तास गाडी देते आणि अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही प्रसिद्ध करायचे नाही अशी अट घालते. ती वेळ टळली की एकाच मिनिटाला सगळीकडे साधारण एकाच सुराचे लेख आणि चित्रफिती झळकतात. यात कुणी खोटे लिहीत नसेलही. फक्त कुणालाच गाडी स्वतःच्या रस्त्यावर, दुसरीच्या शेजारी चालवायला मिळालेली नसते.

शिवाय परीक्षणाला दिलेली गाडी ती विकतात तीच असते का? ‘कार अँड ड्रायव्हर’च्या मार्च 1964 च्या अंकात पाँटिअ‍ॅक जीटीओचा फेरारी जीटीओशी सामना लावणारा लेख आला आणि त्या मासिकाचे नाव घरोघरी झाले. प्रत्यक्षात फेरारी चाचणीला नव्हतीच. आणि पाँटिअ‍ॅकच्या बोनेटखाली 389 ऐवजी 421 घन इंचांचे मोठे इंजिन बसवले होते, हे त्या प्रसिद्धीमागचे सूत्रधार जिम वँगर्स यांनीच पुढे अनेक वर्षांनी कबूल केले. 2011 मध्ये मोटार-पत्रकार ख्रिस हॅरिस यांनी फेरारीवर, परीक्षणाच्या गाड्या खास तयार करून आणल्या जातात, असा जाहीर आरोप केला. तो आरोप करणारा लेख छापील मासिकात नव्हे, संकेतस्थळावर आला होता. यावरचा उपाय ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने 1936 च्या स्थापनेपासून धरला आहे: जाहिरात घ्यायची नाही आणि गाडी सामान्य ग्राहकासारखी शोरूममधून विकत घ्यायची. हा उपाय खर्चिक आहे, लाखो वर्गणीदारांखेरीज तो झेपत नाही. शौकिनाला तिथली गद्य शैली रुचत नाही हाही भाग आहे. तिथे प्रत्येक गाडी फ्रिजसारखी तोलली जाते.

पण मिंधेपणा फक्त जाहिरातीतूनच येतो, असेही मानता येत नाही. जर्मनीच्या एडीएसी या मोटारमालकांच्या बलाढ्य संघटनेचे ‘मोटरवेल्ट’ कोट्यवधी सदस्यांच्या घरी जायचे. जानेवारी 2014 मध्ये उघड झाले की, तिच्या पुरस्कारात वाचकांची सर्वांत आवडती गाडी ठरलेल्या फोक्सवॅगन गोल्फला 34,299 मते पडल्याचे छापले होते, प्रत्यक्षात ती 3,409 होती. गोल्फ जिंकलीच असती. आकडा फुगवला तो पुरस्काराचे वजन वाढवायला. संपादक पदावरून गेले, पाठोपाठ संघटनेचे अध्यक्षही. थोडक्यात, मिंधेपणा जाहिरातदाराचा असतो तसा स्वतःच्या प्रतिष्ठेचाही असतो. इंटरनेटवरचे समीक्षक यातून सुटलेले नाहीत. त्यांच्याबाबत तर जाहिरात कुठे संपते आणि मत कुठे सुरू होते हेच कळत नव्हते, म्हणून भारतात जाहिरात मानक परिषदेला 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक विभागाला 2023 मध्ये, पैसे घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करावी असे नियम आणावे लागले. छापील अंकात जाहिरात निदान जाहिरातीसारखी दिसते.

जे मासिकांना दिसले नाही

इथवर मासिकांची बाजू जरा झुकती वाटली असेल, तर तिच्या विरोधातला सर्वांत जड पुरावा आता घ्यायला हवा. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या सुरक्षा-चाचणी संस्थेने ऑल्टो 800, नॅनो, फिगो, आय10 आणि पोलो या भारतीय बाजारातल्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेत शून्य तारे मिळाले. यातल्या काही गाड्यांना मासिकांनी वाखाणले होते, पुरस्कार दिले होते. दार बंद केल्यावर येणारा ‘दमदार’ आवाज वर्षानुवर्षे मजबुतीचा पुरावा म्हणून छापला गेला होता. डिझेलच्या धुराचेही तेच. धूर-चाचणीत कमी प्रदूषण दाखवणारी फोक्सवॅगनची लबाडी सप्टेंबर 2015 मध्ये बाहेर आली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाड्यांना धूरमापक लावून रस्त्यावर फिरवल्यामुळे. त्याच गाड्यांच्या ॲव्हरेजचे कौतुक करणाऱ्या मासिकांमुळे नव्हे.

तिसरे उदाहरण आपल्या रस्त्यांवरचे. एप्रिल 2020 पासून बीएस6 हे प्रदूषण-मानक लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी आली. ती साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करते, पण त्यासाठी धुराचे तापमान 600 अंशांच्या आसपास जावे लागते, आणि ते होते गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने पळाली तरच. ठाण्याहून वांद्रे-कुर्ला संकुलात रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्याच्या गाडीत ही गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरची वारी घडते. उदयपूरसारख्या ठिकाणच्या मोकळ्या महामार्गावर झालेल्या पहिल्या चाचणीत हे दिसणे शक्यच नव्हते. हे आधी मालकांनीच सांगितले. याचा अर्थ मासिके निकामी असा मी लावत नाही. मासिक जे मोजते तेच त्याला दिसते, हा यातला धडा. आदळवून पाहणे भारतातल्या मासिकांच्या आवाक्यातले नाही. ऑक्टोबर 2023 पासून ते काम भारत एनकॅपही करते. दीर्घकाळाचे दुखणे मात्र आवाक्यात आहे. त्यासाठी गाडी सहा महिने-वर्षभर संपादकीय ताफ्यात ठेवून, दर महिन्याला तिचा जमाखर्च मांडण्याची जुनी पद्धत आहे. जे मासिक ती पाने गाळून त्याजागी नव्या गाड्यांची छायाचित्रे भरते, ते आपल्या हातचे शस्त्रच टाकते.

शैली आणि साठा

शौकीन वाचकाचे निम्मे समाधान आकड्यांत नसते. तो जी गाडी कधी घेणार नाही तिच्यावरचे लेखही वाचतो. इथे मासिकांची परंपरा मोठी आहे. इटलीतल्या 1955 च्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी ‘मोटर स्पोर्ट’चे वार्ताहर डेनिस जेंकिन्सन बसले होते. सुमारे 1,600 किलोमीटरच्या रस्त्याच्या खाणाखुणा लिहिलेली कागदाची गुंडाळी एका डबीत सरकवत ते हाताच्या इशाऱ्याने पुढचे वळण सांगत गेले, आणि दोघांनी 10 तास 7 मिनिटांत ती शर्यत जिंकली. मग जेंकिन्सन यांनी तिचा वृत्तांत लिहिला. आज ॲक्शन कॅमेऱ्याने असली शर्यत जशीच्या तशी टिपता येईल, पण ताशी 270 च्या पुढे गाडी हवेत उचलली जात असताना नजर कागदावरून न काढणाऱ्याच्या मनात काय चालते, ते सांगायला लेखकच लागतो. ‘कार’मधले एल. जे. के. सेटराइट यांनी टायर आणि इंजिनांवर अशा इंग्रजीत लिहिले की, अभियंत्यांना ते साहित्य वाटे आणि साहित्यिकांना अभियांत्रिकी. दोघांनाही थोडा त्रास व्हायचा, तो भाग निराळा.

साठा ही याच गोष्टीची दुसरी बाजू. ‘मोटर स्पोर्ट’चे 1924 पासूनचे अंक डिजिटल रूपात चाळता येतात. वापरलेली गाडी घेणाऱ्याला तर जुना अंक नव्यापेक्षा उपयोगी. दहा वर्षांपूर्वीची सिटी की व्हर्ना, हे तेव्हाच्या तुलनात्मक चाचणीतूनच नीट कळते, कारण आज त्या दोन्ही गाड्या त्या अवस्थेत कुणाकडेच नाहीत. चित्रफिती इंटरनेटवर राहतात हे खरे, पण त्यांना अनुक्रमणिका नसते, आणि चॅनेलवाल्याने एक दिवस काढून टाकली की संपले.

निवडायचे कसे

मग आज काय घ्यावे? माझ्या मते पहिली परीक्षा अशी की, मासिकाचा दोन-अडीच वर्षांपूर्वीचा अंक काढावा आणि त्यात आज वाचण्यासारखे काय उरले ते पाहावे. बातम्या, आगामी गाड्यांची कल्पनाचित्रे आणि ‘पहिली झलक’ हे सारे तोवर रद्दी झालेले असते. तुलनात्मक चाचणी, दीर्घकालीन अहवाल आणि एखादा खरा लेख उरला असेल तर वर्गणी भरायला हरकत नाही. दुसरी खूण पुरस्कारांत सापडते. ऑस्ट्रेलियाचे ‘व्हील्स’ 1963 पासून वर्षाची सर्वोत्तम गाडी निवडत आले, पण 1972 आणि 1979 सारख्या वर्षी लायक गाडी नाही म्हणून त्याने पुरस्कारच दिला नाही. याउलट जिथे प्रत्येक गाडीला कुठल्या ना कुठल्या गटात एक चषक मिळतो, तिथल्या निकालाला तोंडदेखलेपणापलीकडे किंमत नाही. तिसरे, तुलनेत तळाला गेलेल्या गाडीबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. सगळ्या ‘आपापल्या जागी उत्तम’ असा गुळमुळीत शेवट असेल तर परीक्षकाने फक्त पेट्रोल जाळले. आणि लेखाशेजारी, प्रवासाचा खर्च कुणी केला, ही ओळ आहे का तेही बघावे; भारतात ती क्वचित दिसते.

या कसोट्यांवर, भारतात गाडी घेण्याच्या विचारात असलेल्याला मोजमापासाठी ‘ऑटोकार इंडिया’ आणि चालवण्याच्या आनंदासाठी ‘इव्हो इंडिया’ हाताशी असावीत. परदेशी अंकांपैकी आकड्यांची शिस्त ‘कार अँड ड्रायव्हर’ची, इतिहासाची जाण ‘मोटर स्पोर्ट’ आणि ‘ऑक्टेन’ची. ती कागदावरच घ्यायची हौस नसेल तर मॅग्झ्टरसारख्या सेवांवर एका वर्गणीत बरीच मासिके चाळता येतात, आणि आयात अंकाच्या किमतीपुढे ती वर्गणी काहीच नाही. यातले एकही मराठीत नाही. पुणे-चाकणचा पट्टा देशातल्या मोटार उद्योगाच्या केंद्रांपैकी एक, एआरएआय पुण्यात, पण मराठीतले वाहनलेखन मुख्यतः वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, नव्या गाडीच्या ओळखीपुरते होते. मराठी वाचक इंग्रजीत वाचतोच, म्हणून स्वतंत्र मासिक परवडत नाही, असे म्हणतात. चाचणीचा खर्च पाहता ते पटते. पण मराठीतल्या चित्रफितींना प्रेक्षक मिळतो, हे त्याच्याशी जुळत नाही.

न सुटलेले

मालकी एकवटल्याने परीक्षणातला मतभेद उरेल का, हा पहिला उघडा प्रश्न. ‘कार अँड ड्रायव्हर’ आणि ‘मोटर ट्रेंड’ यांचे निकाल एकमेकांशी जुळत नसत, आणि वाचकाला त्यातूनच तिसरे मत बनवता येई. एकाच मालकाला दोन चाचणी-पथके पोसण्याची गरज किती दिवस वाटेल, ते पाहायचे. दुसरा प्रश्न मोजण्याच्या जागेचा. भारतात पिथमपूरची 11.3 किलोमीटरची वेगवान धावपट्टी 2021 पासून उपलब्ध आहे, पण भाडे भरून नियमित चाचण्या करायला मासिकांचा जीव पुरला पाहिजे.

सर्वांत अवघड प्रश्न गाडीनेच उभा केला आहे. मे 2018 मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने स्वतः विकत घेतलेल्या टेस्ला मॉडेल 3 ची शिफारस नाकारली, कारण ताशी 60 मैलांवरून थांबायला तिने 152 फूट घेतले, आकार पाहता हे फारच जास्त होते. टेस्लाने काही दिवसांतच सॉफ्टवेअरची सुधारणा हवेतून पाठवली. त्याच गाडीची पुन्हा चाचणी झाली तेव्हा अंतर 133 फुटांवर आले आणि शिफारस मिळाली. पाना किंवा जॅक कुणी हातात घेतला नव्हता. शिस्तीने मोजणाऱ्याला कंपनीच्या अभियंत्यांना निसटलेला दोष सापडतो, हे यातून पुन्हा सिद्ध झाले. आणि छापलेला आकडा, अंक वाचकाच्या घरी पोहोचायच्या आत शिळा होऊ शकतो, हेही. विजेवरच्या गाड्यांची रेंज, ब्रेक, चालकाला साह्य करणाऱ्या यंत्रणा अशा रातोरात बदलत राहणार असतील, तर रोड टेस्टच्या चौकटीत गाडीच्या नावाशेजारी सॉफ्टवेअरची आवृत्ती छापावी लागेल, आणि तीच गाडी वर्षातून किती वेळा पुन्हा तपासायची, त्याचा खर्च कुणी करायचा, यावर अजून कुठल्याही संपादकाकडे तयार उत्तर दिसत नाही.